सहा सेलांचा वारसा

रिमोटवर चालणाऱ्या गाडीच्या बॅटरीवर ७.२ किंवा ७.४ व्होल्ट असं छापलेलं असतं, आणि मोटरवर ३५०० केव्ही. इकडे अमेरिकेत वाढणाऱ्या आपल्या मुलांना हे आकडे तोंडपाठ असतात. आईबाबांना मात्र पैसे भरायच्या वेळी एवढंच ऐकू येतं, "बाबा, टू-एस नको, थ्री-एस घेऊया!" हो म्हणावं की नाही? आधी हे आकडे आले कुठून ते पाहू, म्हणजे उत्तर सोपं होईल.

निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बॅटरीवरची छोटी बोट बिनतारी चालवून दाखवली होती. पण हे प्रकरण दिवाणखान्यात पोचायला पाऊण शतक गेलं. जपानच्या टामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ ही रेडिओवर चालणारी गाडी काढली, आणि नंतरच्या काही वर्षांत या छंदाची बॅटरी जवळजवळ ठरूनच गेली: निकेल-कॅडमियमचे सहा सेल, प्रत्येकी १.२ व्होल्ट, एकूण ७.२. त्याच मापाचे सेल कॉर्डलेस ड्रिलमध्येही असत. मोटर म्हणजे ५४० नावाचा पत्र्याचा डबा, आत कार्बनचे दोन ब्रश.

ब्रश म्हणजे काय हे मराठी घरात सांगायला नको. मिक्सरमधून ठिणग्या आणि जळका वास यायला लागला की "कार्बन बदलून आणा" म्हणतात, तेच ते. फिरणाऱ्या तांब्यावर घासत ते वीज आत पोचवतात आणि घासता घासता झिजतात. १९८० आणि ९० च्या दशकांत शर्यतवाले या ब्रशांचे गुलाम होते. बॅटरी सगळ्यांची सारखी, म्हणून चढाओढ मोटरच्या तारेत. वेढे कमी तर वेग जास्त, करंटची भूकही जास्त. दर थोड्या फेऱ्यांनी मोटर उघडायची, तांब्याचा पृष्ठभाग छोट्या लेथवर तासायचा, ब्रश आणि स्प्रिंग बदलायची. टामियाचा तो प्रसिद्ध पांढरा प्लास्टिकचा कनेक्टर एवढा करंट सोसेना, वितळून चिकटून बसायचा. माझ्या मते या काळाचा खरा धडा त्या वितळलेल्या कनेक्टरमध्ये होता, पण व्होल्टेज वाढवायची मुभाच नसल्यामुळे तो बरीच वर्षं कोणी घेतला नाही.

ब्रशविना मोटरची कल्पना तशी जुनी. विल्सन आणि ट्रिकी या दोघांनी १९६२ मध्ये ब्रशचं काम इलेक्ट्रॉनिक्सवर सोपवणाऱ्या डीसी यंत्रावर निबंध मांडला. अडचण होती चुंबकांची आणि स्विचची. १९८३ मध्ये जपानची सुमितोमो आणि अमेरिकेची जनरल मोटर्स यांनी स्वतंत्रपणे निओडिमियमचे जबरदस्त चुंबक जाहीर केले. पुढे मॉसफेट आणि मायक्रोकंट्रोलर स्वस्त झाले. हौशी लोकांची गंमत अशी, की सीडी-रॉम ड्राइव्हमधल्या छोट्या ब्रशलेस मोटरी काढून, त्यांची तार पुन्हा गुंडाळून, त्यांनी मॉडेल विमानं उडवली! गाड्यांकडे ही लाट २००० नंतर वळली. आज भारतात घरोघरी लागणारे 'बीएलडीसी' पंखे याच कुळातले.

त्याच सुमारास लिथियम-पॉलिमर बॅटरी आली. तिचा एक सेल ३.७ व्होल्टचा, म्हणजे दोन सेल ७.४. जुन्या सहा सेलांच्या जागी ही जोडी जवळजवळ चपखल बसली. हा निव्वळ योगायोग, पण त्यामुळे जुन्या गाड्या एका रात्रीत टाकाऊ झाल्या नाहीत. 'टू-एस' म्हणजे हीच जोडी, 'थ्री-एस' म्हणजे तीन सेल, ११.१ व्होल्ट.

आता केव्ही. विजेच्या मनोऱ्यांवरचं १३२ केव्ही वेगळं. इथे किलोव्होल्टचा काही संबंध नाही. मोटर मोकळी फिरताना एका व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे घेते, तो हा आकडा. ट्रॅक्ससची ३५०० केव्हीची मोटर ११.१ व्होल्टवर ३८,८५० फेरे घेईल. त्याच कंपनीची २०११ ची एक्सओ-१ ही ताशी १०० मैलांची गाडी सहा सेलांवर, २२.२ व्होल्टवर चालते. तिची मोटर फक्त १६५० केव्हीची, फेरे ३६,६३०. म्हणजे जास्त वेगवान गाडीची मोटर कमी केव्हीची! मग फायदा काय? तीच शक्ती दुप्पट व्होल्टेजवर निम्म्या करंटमध्ये मिळते. ४४४ वॅट हवे असतील तर ७.४ व्होल्टवर ६० अँपियर लागतील, १४.८ वर ३०. करंट निम्मा झाला की त्याच तारेत आणि कनेक्टरमध्ये वाया जाणारी उष्णता चौथ्या हिश्श्यावर येते. वितळलेला पांढरा कनेक्टर हेच सांगत होता.

म्हणून आधी गाडीचं वजन बघावं, मग व्होल्टेज, आणि केव्ही सगळ्यात शेवटी. एक-दशांश मापाच्या हलक्या गाडीला टू-एस पुरे, थ्री-एस म्हणजे चैन. एक-अष्टमांशच्या जड गाडीला चार ते सहा सेल. मोटर तीच ठेवून नुसता सेल वाढवायचा असेल, तर स्पीड कंट्रोलरवर किती सेलांची परवानगी छापली आहे ते आधी वाचा आणि मोटरवरचं पिनियन लहान करा. वेगाच्या मोहाने मोठं पिनियन लावलं की मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. मिक्सरच्या भांड्यात कोरडी उडदाची डाळ गच्च भरून बटण दाबून धरल्यासारखं होतं ते.

निकेल-कॅडमियम पार उतरेपर्यंत पळवली तरी ती सहन करायची (कॅडमियम विषारी, ही वेगळी गोष्ट). लिथियमला ते चालत नाही. सेल ३ व्होल्टखाली गेला की बिघडतो. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये, आणि चांगली असली तरी रात्री चार्जिंगला लावून झोपू नये. थ्री-एसचा प्रश्न मला वेगापेक्षा इथे जास्त वाटतो: मूल बारा वर्षांचं असेल तर चार्जरजवळ कोण बसणार?

आणि ती बॅटरी भारतातल्या भाच्यासाठी न्यायची असेल तर? सुटी लिथियम बॅटरी चेक-इन सामानात चालत नाही, टर्मिनल झाकून केबिनमध्येच न्यावी लागते. विमानात हिशेब व्होल्टचा नसून वॉट-अवरचा असतो. १०० पर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० साठी विमान कंपनीला विचारावं लागतं. ५००० एमएएचची थ्री-एस ५५.५ वॉट-अवर भरते, फोर-एस ७४, आणि सिक्स-एस १११. म्हणून सहा सेलांच्या गाडीसाठी एक मोठी बॅटरी घेण्याऐवजी तीन-तीन सेलांच्या दोन घ्याव्यात. एक्सओ-१ मध्येही दोनच असतात, एकीला एक जोडलेल्या.