डेस्कटॉप डेटाबेस : जुन्या प्रणालींतील जोडणीच्या त्रुटी

डीबेस, फॉक्सप्रो, क्लिपर, पॅराडॉक्स, ॲक्सेस या एका संगणकावर किंवा लहान कार्यालयाच्या नेटवर्कवर चालणाऱ्या डेटाबेस प्रणाली. त्या एकमेकींशी, अथवा एक्सेल-टॅलीशी, जोडताना येणाऱ्या त्रुटी व त्यांच्या दुरुस्तीचा विचार या नोंदीत केला आहे. अशा बहुतेक प्रसंगी माहिती शाबूत असते; बिघडलेला असतो तो मधला दुवा, म्हणजे ड्रायव्हर, फाइलचा मार्ग, परवानगी किंवा अक्षरसंकेत. ‘त्रुटी आली, आता फाइल दुरुस्त करा’ असे म्हणून थेट मूळ फाइलवर काम सुरू केल्यानेच खरे नुकसान होते. आधी सगळ्यांना प्रणालीतून बाहेर यायला सांगावे आणि संपूर्ण फोल्डरची प्रत घ्यावी. नोंदी असलेली एकटी डीबीएफ फाइल उचलून भागत नाही. लांब मजकूर (मेमो) डीबेसमध्ये डीबीटी, तर फॉक्सप्रोत एफपीटी या वेगळ्या फाइलीत असतो. ती जोडीदार फाइल मागे राहिली की चांगला तक्ताही उघडत नाही.

पार्श्वभूमी : ॲश्टन-टेट कंपनीचे डीबेस-२ १९८० मध्ये बाजारात आले आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्यांची डीबीएफ ही फाइलरचना पुढे फॉक्सप्रो व क्लिपरनेही वापरली. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये फॉक्सप्रो बनवणारी फॉक्स सॉफ्टवेअर कंपनी विकत घेतली. ॲक्सेसची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. व्हिज्युअल फॉक्सप्रोची नववी आवृत्ती शेवटची ठरली आणि जानेवारी २०१५ मध्ये तिला मिळणारे मायक्रोसॉफ्टचे साहाय्य संपले.

पुणे–लोणावळा लोकलच्या मार्गावरचे देहूरोड हे या प्रश्नाचे स्वरूप समजण्यासाठी चांगले उदाहरण आहे. गावात छावणी, केंद्रीय आयुध भांडार व आयुधनिर्माणी. आजूबाजूला पिंपरी-चिंचवड, तळेगाव, चाकणच्या कारखान्यांना माल पुरवणारी वर्कशॉप. जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावर वाहतूकदार. अशा भागातल्या छोट्या व्यावसायिकाला किंवा पतसंस्थेला नव्वदच्या दशकात पगारपत्रक, मालसाठा वा सभासदांची खाती एखाद्या ओळखीच्या प्रोग्रामरकडून फॉक्सप्रोत लिहून घेणेच परवडत असे. प्रोग्रामर पुढे निघून गेला, संगणक तीनदा बदलला, फाइली मात्र राहिल्या. जुन्या कामगाराच्या नोकरीचा किंवा सभासदाच्या ठेवीचा पुरावा त्याच फाइलींत असतो, म्हणून ही दुरुस्ती केवळ तांत्रिक हौस मानता येत नाही.

ड्रायव्हर व बिट : सर्वांत जास्त वेळा भेटणारी त्रुटी ३२ आणि ६४ बिटच्या बेबनावाची. ॲक्सेसच्या एमडीबी फाइली वाचणारे जेट ४.० इंजिन व व्हिज्युअल फॉक्सप्रोचा ड्रायव्हर फक्त ३२ बिटचे आहेत. ६४ बिटच्या प्रोग्रामला ते दिसतच नाहीत आणि ‘प्रोव्हायडर नोंदलेला नाही’ असा संदेश येतो. ६४ बिटच्या विंडोजमध्ये ओडीबीसीची (प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणाऱ्या सोयीची) व्यवस्था पाहणारे प्रोग्राम दोन असतात. नावावरून उलटे वाटते, पण ६४ बिटचा ‘सिस्टम३२’ फोल्डरमध्ये आणि ३२ बिटचा ‘सिसवाऊ६४’मध्ये असतो. जोडणी एकात तयार करून दुसऱ्या प्रकारच्या प्रोग्राममधून हाक मारली की ती सापडत नाही. टॅलीशी जोडणीलाही हाच नियम लागू. शिवाय टॅली चालू, कंपनी उघडलेली आणि पोर्ट (सहसा ९०००) मोकळा हवा.

ड्रायव्हर बरोबर असूनही ‘तक्ता अपेक्षित स्वरूपात नाही’ असे आले, तर डीबीएफचा पहिला बाइट पाहावा. षोडशमान पद्धतीत तो ०३ असेल तर साधी डीबेस-३ची फाइल, एफ५ म्हणजे मेमोसह फॉक्सप्रो, ३० म्हणजे व्हिज्युअल फॉक्सप्रो. शेवटचा प्रकार जेटच्या डीबेस ड्रायव्हरला वाचता येत नाही. या ड्रायव्हरला फाइलचे नाव आठ अक्षरांहून मोठे असलेलेही चालत नाही.

नेटवर्क : ॲक्सेसमधली लिंक फाइलचा पूर्ण मार्ग साठवते. एका संगणकावर ‘झेड’ ड्राइव्ह असलेले सामायिक फोल्डर दुसऱ्यावर ‘वाय’ झाले की ३०४४ क्रमांकाची त्रुटी येते. ड्राइव्हच्या अक्षराऐवजी सर्व्हरच्या नावाने मार्ग द्यावा. फाइल वाचायची परवानगी असूनही दुसऱ्याला ती उघडता येत नसेल, तर फोल्डरवरची परवानगी तपासावी, कारण ॲक्सेसला तिथे एलडीबी ही कुलूप-फाइल तयार करून पुसता यावी लागते. विंडोज एक्सपीचा जुना संगणक अचानक दिसेनासा झाला, तर बहुधा नव्या विंडोजमध्ये एसएमबीची (नेटवर्कवर फाइली सामायिक करण्याच्या नियमावलीची) पहिली आवृत्ती बंद असते. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीनंतर सामायिक ॲक्सेस फाइली ‘विसंगत स्थितीत’ असल्याच्या तक्रारी वाढल्या. फाइल ठेवलेल्या संगणकावर ‘लीजिंग’ (फाइलचा तात्पुरता साठा जवळ ठेवू देणारी एसएमबीची सोय) बंद करणे हा मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेला उपाय.

मराठी मजकूर : परक्या मदतपुस्तकांत न सापडणारी अडचण हीच, आणि सर्वांत हानिकारकही. जोडणी यशस्वी होते, आकडे नीट येतात. पण नावांच्या जागी अधिकची (+) चिन्हे व आडव्या-उभ्या रेघा दिसतात. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट तंत्रज्ञानाने भरलेला मजकूर अनेकदा इस्की संकेतात असतो (भारतीय मानक १३१९४, १९९१). त्यात ‘क’ ते ‘ह’ ही व्यंजने बी३ ते डी८ या स्थानांवर आहेत. डॉसच्या ४३७ क्रमांकाच्या संकेतपानावर नेमकी तीच जागा चौकटी काढण्याच्या रेघांची. जेटचा ड्रायव्हर फाइल डॉसची समजून रेघांची जवळपासची चिन्हे करतो आणि अनेक व्यंजनांचे एकच चिन्ह होते. असा मजकूर पुन्हा जतन झाला तर परत मिळत नाही. म्हणून प्रत्यक्ष माहिती ओढण्याआधी रजिस्ट्रीत जेटच्या ‘एक्सबेस’ विभागातील ‘डेटाकोडपेज’ ही नोंद ‘ओईएम’वरून ‘एएनएसआय’ करावी. बाइट जसेच्या तसे आले की मग युनिकोड रूपांतर.

मजकूर इस्कीत आहे की फॉन्टच्या आकारसंकेतात, हे पहिल्या वेलांटीवरून ओळखता येते. ‘कि’मध्ये इस्की आधी ‘क’ साठवते, तर आकारसंकेतात वेलांटी आधी येते. दोहोंना वेगवेगळे रूपांतरक लागतात. रूपांतरानंतर ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘क्षीरसागर’, ‘ज्ञानेश्वर’ असे जोडाक्षरांचे शब्द वेगळे काढून डोळ्यांनी तपासावेत.

पडताळणी : नव्या ठिकाणच्या नोंदींची संख्या व रकमांची बेरीज जुन्या छापील अहवालाशी ताडावी. संख्या जास्त भरली तर घाबरून जाऊ नये. डीबीएफमध्ये खोडलेली नोंद ‘पॅक’ आज्ञा देईपर्यंत फाइलीतच राहते, तिच्यावर फक्त तारांकन पडते. ड्रायव्हरमध्ये खोडलेल्या ओळी दाखवण्याचा पर्याय चालू असेल तर त्याही मोजल्या जातात.