जीपवरचा पाइप

मागच्या दिवाळीत धुळ्याला मामांकडे गेलो होतो. अंगणात त्यांची जुनी महिंद्रा जीप उभी. १९७०च्या दशकातली, उंच बॉनेटची, कापडी हूड केव्हाच विरून गेलेलं. मामांनी नवीन टूम काढली होती. जीपला सीटच्या मागे तो कमानीसारखा पाइप बसवायचा. "अरे, आता सगळ्यांच्याच जीपला असतो. गाडीला शोभा येते!" मिस्त्री पाइप वाकवूनच घेऊन आला होता. हात लावून पाहिलं, तर चक्क पाण्याचा जीआय पाइप. माझा चेहरा बघून मिस्त्री म्हणाला, "मजबूत शे दादा, चिंता करू नका."

आता या पाइपाला रोल बार म्हणतात आणि तो शोभेसाठी नसतो, एवढं मला माहीत होतं. तेच मामांना समजावायला बसलो आणि पाच मिनिटांत लक्षात आलं की आपलं ज्ञान तिथेच संपतं. मग परत आल्यावर वाचत सुटलो. (हा माझा जुना रोग आहे, नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहेच.)

तर मंडळी, गोष्ट उघड्या गाडीची आहे. छपराची गाडी उलटली तर निदान पत्र्याचे खांब तरी डोक्याच्या आणि जमिनीच्या मध्ये येतात. उघड्या गाडीत मध्ये येतं ते आपलं डोकं. एमजी, ट्रायम्फ वगैरे देखण्या इंग्रजी स्पोर्ट्स कार बनल्या तेव्हा कंपनीने त्यात यावर काहीच उपाय दिला नव्हता. समोरची काच आणि देवावर भरवसा. आधी जाग आली ती शर्यतवाल्यांना, कारण मरत होते ते. १९६१ पासून फॉर्म्युला वनच्या गाड्यांना रोल बार सक्तीचा झाला. पण सुरुवातीचे ते बार म्हणजे नियमापुरती बारीक कांब, कित्येकदा चालकाच्या डोक्याहूनही बुटकी. नियम पाळायचा म्हणून लावायचा आणि काम होईल असा लावायचा, यातला फरक तेव्हाही होता.

रस्त्यावरच्या गाड्यांची कथा आणखी मजेदार आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेत गाड्यांच्या सुरक्षिततेवरून रान उठलं. उघड्या गाड्यांवर बंदीच येणार अशी हवा झाली. त्या धास्तीने पोर्शने १९६५ साली ९११ ची 'टार्गा' आणली. सिसिलीतल्या टार्गा फ्लोरिओ या शर्यतीवरून नाव घेतलं आणि सीटच्या मागे रुंद, चकचकीत स्टीलची कमानच उभी केली. म्हणजे सुरक्षेची वस्तू हीच गाडीची ऐट! (मामांची 'शोभा' अगदीच चूक नव्हती तर.) गंमत म्हणजे ती बंदी कधी आलीच नाही. पुढे १९८९ मध्ये मर्सिडीजने आपल्या एसएल गाडीत तर बार लपवूनच ठेवला. गाडी उलटतेय असं कळलं की तो सुमारे ०.३ सेकंदात आपोआप वर येतो.

पण आपल्या खानदेशात एमजी आणि पोर्शे कुणी पाहिल्या? आपली उघडी गाडी म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. १९४५ साली लुधियानात 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी निघाली. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, १९४८ मध्ये कंपनीचं नाव बदललं आणि जीपा मात्र इकडे मुंबईत जोडल्या जाऊ लागल्या. पुढे त्या जंगल खात्यात, पोलिसात, बागायतदारांच्या वाड्यात, सगळीकडे पोचल्या. सातपुड्यात अक्राणीकडे, तोरणमाळच्या वळणांवर काळीपिवळी जीप म्हणजे एसटीच. आत पंधरा, टपावर पाच, मागे लटकलेले वेगळे. चाळीसगावहून औट्रम घाट चढतानाही हेच दृश्य.

या जीपची मूळ अडचण तिच्या अंगातच आहे. आखूड, अरुंद आणि उंच. खडकाळ वाटेला जे गुण, तेच डांबरी रस्त्यावर वेगात वळताना अवगुण. अमेरिकेत १९८०च्या सुमारास सीजे-५ जीपच्या उलटण्यावरून मोठा गदारोळ झाला होता.

आता मामांच्या पाइपाकडे येतो. वाचल्यावर कळलं की पाइप किती जाड यापेक्षा तो कुठे रुततो याला महत्त्व आहे. शर्यतींची जागतिक संस्था एफआयए मुख्य कमानीसाठी ४५ मिलिमीटर व्यासाचा आणि २.५ मिलिमीटर जाडीचा, बिनजोड पोलादी पाइप मागते. पाण्याच्या जीआय पाइपाला साधारणपणे लांबीभर वेल्डची शिवण असते, आणि वाकवताना तो आतल्या बाजूला चेपतो तो वेगळाच. कमानीचे पाय नुसत्या पत्र्यावर ठेवून चालत नाहीत. पत्र्याच्या खालून किमान ३ मिलिमीटर जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट हवी, प्रत्येक पायाला निदान तीन चांगले बोल्ट हवेत. नाहीतर गाडी उलटली की बार जागचा हलत नाही, पत्रा फाडून खाली घुसतो. शिवाय मागे तिरके टेकू लागतात. कमानीचं टोक आणि बॉनेट यांना जोडणारी दोरी ताणली तर चालकाचं डोकं तिच्या खाली राहिलं पाहिजे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पट्टा. सीटबेल्ट नसेल तर माणूस बाहेर फेकला जातो आणि मग वर कमान असून उपयोग शून्य. उलट साध्या धक्क्यातही डोकं त्याच पोलादावर आपटतं. मामांच्या जीपला पट्टा नावाचा प्रकारच नव्हता.

कायद्याचंही आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ घडणीत मनाने बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा बजावलं आहे. म्हणून आधी आरटीओत विचारा, असं मी मामांना फोनवर म्हटलं. मामा हसले. २०२० मध्ये आलेल्या नव्या थारमध्ये रोल केज कारखान्यातूनच येतो, आणि ती गाडी बनते आपल्या शेजारच्या नाशकात. "मग तीच घेऊन दे," मामा म्हणाले.

असो. हे सगळं लिहायचं खरं कारण वेगळं आहे. वाचता वाचता एके ठिकाणी थबकलो. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांना अशी चौकट सक्तीची केली ती १९५९ मध्ये. म्हणजे फॉर्म्युला वनच्याही दोन वर्षं आधी! शेतकऱ्याचा जीव त्यांनी शर्यतवाल्याच्या आधी मोजला. अवजड ओढ लागून मागची चाकं अडकली की ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि साधारण दीड सेकंदात तो मागे पालथा होतो. उडी मारायला वेळच नसतो.

मामांचे चुलतभाऊ असेच गेले. नांगरटीच्या दिवसांत, बांधावर, ट्रॅक्टरखाली. मी तेव्हा आठवीत होतो. घरात कुणी 'चौकट' हा शब्द काढला नाही. नशीब म्हणाले, बांधाची माती भुसभुशीत होती म्हणाले. तोच ट्रॅक्टर दुरुस्त होऊन पुढे कितीतरी वर्षं चालला, तसाच, बोडका. आजही धुळ्याहून जळगावला येताना रस्त्यावरचे ट्रॅक्टर मोजा. टेप आहे, फुलांच्या माळा आहेत, डोक्यावर छत्री आहे. चौकट क्वचित. आपल्याच देशात बनून अमेरिकेला जाणाऱ्या ट्रॅक्टरांवर मात्र ती असते.

हे मी मामांना सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "केळीच्या बागेत पानांत अडकेल ना रे ती." मी म्हटलं, मामा, दुमडणारी चौकट येते. बागेत शिरताना खाली करायची, बाहेर आलात की उभी करायची. पण ती मिस्त्रीकडून करून घ्यायची नाही, त्या मॉडेलसाठी तपासलेलीच घ्यायची, आणि सोबत पट्टा.

जीपचा पाइप त्यांनी मिस्त्रीला परत दिला. ट्रॅक्टरच्या डीलरकडे चौकशी करून ठेवली आहे. त्याचा फोन अजून यायचा आहे.