खर्जाचा पाया आणि ग्वाल्हेरचा गळा

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये उज्जैनहून राजधानी ग्वाल्हेरला हलवली आणि लष्करची वस्ती वाढू लागली. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज त्याच ओघात इथे आले. याच दरबाराच्या आश्रयाने नत्थन पीरबक्ष यांचे नातू हद्दू खाँ, हस्सू खाँ आणि नत्थू खाँ यांनी ख्यालगायकीला जे रूप दिले, त्याला पुढे ग्वाल्हेर घराणे म्हणू लागले.

या गायकीचे मर्म रागांच्या संख्येत नाही, गळ्याच्या तयारीत आहे. पहाटे तंबोऱ्यावर खर्ज भरायचा. मंद्र सप्तकातला एकेक स्वर दम टिकेल तोवर, न हलता, खुल्या आकारात लावायचा. खालच्या स्वरात जोर करून भागत नाही. घसा आवळला की स्वर बसतो, नाकात गेला की लगेच कळते. म्हणून दम पोटातून घ्यायची सवय आपोआप लागते. मग अलंकार आणि पलटे, आधी संथ, नंतर दुगुनीत. तिन्ही सप्तकांत सरळ धावणारी ग्वाल्हेरची सपाट तान याच पायावर उभी राहते.

पाया सोडून ताकदीवर गाण्याचा धोकाही याच घराण्याने सांगून ठेवला आहे. बडे महंमद खाँ यांच्या सांगण्यावरून हस्सू खाँनी एक अवघड तान दुसऱ्यांदा घेतली, तेव्हा बरगडीला इजा झाली आणि तीच जिवावर बेतली, अशी आख्यायिका आहे. तिच्यातले खरे किती हे कोण सांगणार? पण गुरू ती शिष्यांना सांगत आले, ते उगीच नव्हे.

ही विद्या मिळवण्यासाठी दक्षिणेतून माणसे इथे येत. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) घर सोडून आले आणि हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे शिकले. त्यांनी ती महाराष्ट्रात नेली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून ती सर्वसामान्यांना खुली केली.

इथेही परंपरा थांबली नाही. शंकरराव पंडितांच्या घरी त्यांचे गुरू निसार हुसेन खाँ राहिले. त्याच घरातल्या कृष्णराव पंडितांनी १९१४ मध्ये वडिलांच्या नावाने विद्यालय सुरू केले. १९१८ मध्ये माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने आणि भातखंड्यांच्या मार्गदर्शनाने माधव संगीत विद्यालय उभे राहिले.

आज आमची मुले उत्सवात ट्रॅकवर गातात, टाळ्याही मिळवतात. त्याला आमची ना नाही. पण ट्रॅक वरच्या पट्टीतला असतो आणि मूल घसा ताणून तिथे पोहोचते. ज्या विद्येसाठी लोक मुलूख सोडून या गावात आले, ती आपल्याच घरातून जाऊ नये, एवढीच आमची इच्छा. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. तंबोरा, चांगला गुरू आणि रोजची अर्धी तासभर पहाट पुरे. पहिली एक-दोन वर्षे कानाला काही गोड लागणार नाही, तेवढा धीर मात्र आपण पालकांनी धरायला हवा.