श्लेष (मळखेडची परंपरा)

एकाच शब्दातून वा शब्दसमूहातून एका वेळी दोन अर्थ साधतात, तो श्लेष. शब्द न फोडता अर्थ पालटला (‘कर’ म्हणजे हात, किरण आणि सारा), तर अभंग. पदे निराळ्या जागी तोडावी लागली, तर सभंग. सभंग श्लेषाचा संस्कृतातला नामांकित कवी त्रिविक्रमभट्ट हा मान्यखेटच्या राष्ट्रकूट दरबारातला. मान्यखेट म्हणजे कलबुरगी जिल्ह्यातले, कागिणा नदीकाठचे आजचे मळखेड. या दरबाराला अलंकारचर्चा नवी नव्हती. 9व्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या आश्रयाने झालेला कन्नड ‘कविराजमार्ग’ दंडीच्या ‘काव्यादर्शा’च्या आधाराने रचलेला आहे, आणि वक्रोक्तीला बहुधा श्लेषानेच शोभा येते, असे दंडीचे मत.

श्लेष ही नुसती अक्षरांची कसरत, हा आक्षेप जुनाच. काव्यशास्त्रकार मम्मटाने व्यंग्य (सूचित अर्थ) नसलेल्या शब्दचित्राला खालच्या पायरीवर बसवले, आणि पानोपानी दोन अर्थ काढणाऱ्या त्रिविक्रमभट्टाच्या ‘नलचंपू’पुढे वाचक दमतो, हेही खरे. पण त्याच ग्रंथाच्या आरंभी वाईट कवींना तान्ह्या मुलांच्या पंक्तीला बसवलेले आहे, ते पाहावे. ‘जननीराग’ हा शब्द ‘जननी’पाशी तोडला की आईची माया, ‘जन’पाशी तोडला की लोकांची नावड. पुढे ‘बहुलालाप’मध्ये कवींची बडबड ऐकू येते आणि पोरांची लाळही गळते. इथे श्लेष काढून टाकला तर टीकाच उरत नाही. दोन्ही गोष्टी एका शब्दात सापडतात, म्हणून तर ती बोचते. तेव्हा श्लेषाला दागिना म्हणण्यापेक्षा युक्तिवादाचे साधन म्हणणे रास्त.

याचा भक्कम पुरावा काव्याबाहेर, ताम्रपटात आहे. राष्ट्रकूट राजा इंद्र तिसरा याचे 915चे बेगुम्रा (गुजरात) येथे मिळालेले ताम्रपट त्रिविक्रमभट्टानेच रचले. त्यांत गोवर्धन उचलणाऱ्या उपेंद्राला (कृष्णाला) जिंकल्याचे आणि मेरू लीलया उपटल्याचे श्रेय राजाला दिले आहे. पुराणातला इंद्र जे करू शकला नाही, ते या इंद्राने केले, हा वरचा अर्थ. गोवर्धन म्हणजे नाशिकजवळचे ठाणे आणि उपेंद्र म्हणजे कुणी परमार राजा, असा आतला अर्थ काही अभ्यासकांनी लावला. मेरू म्हणजे कनोज, असेही सुचवले गेले. पण कनोजची मोहीम साधारण 916ची मानतात, म्हणजे ताम्रपटानंतरची. अशा दुहेरी मजकुरावर इतिहास कसा रचायचा, असे कुणी विचारील. शंका योग्य आहे, मात्र तिचा रोख श्लेषावर नव्हे, इतिहासकाराच्या घाईवर हवा. शत्रूचे नाव थेट न घेता विजय मिरवण्याची सोय दरबाराला हवी होती. कवीने ती पुरवली. त्यातला उपेंद्र नेमका कोण, यावर अजून एकमत नाही.