मलेरियाचा डास : दिसायला एक, आतून वेगळा

हिवताप पसरवते ती ॲनोफिलिस डासाची मादी. बसताना ती मागची बाजू वर उचलते, एवढ्यावरून ओळखू येते. पण सगळे ॲनोफिलिस सारखे नसतात.

पुणे शहरात महत्त्वाचा तो स्टीफन्सी. गच्चीवरची टाकी, हौद, बांधकामावरचं साठलेलं पाणी, त्याला एवढं पुरतं. १९०१ मध्ये लिस्टन यांनी त्याचं वर्णन केलं, तेही आपल्या विदर्भातल्या अचलपूरच्या डासांवरून! याचे तीन प्रकार. ते ओळखायचे तर अंड्याच्या बाजूच्या तरंगपट्टीवरचे कंगोरे मोजावे लागतात. जास्त कंगोऱ्यांचा 'टाइप' शहरी आणि पक्का वाहक. कमी कंगोऱ्यांचा 'मायसोरेन्सिस' खेड्यातला, गुरांवर जगणारा, भारतात तरी दुबळा वाहक. तिसरा या दोघांच्या मधला.

गावाकडे भातखाचरं, कालवे, ओढ्यातली डबकी इथे क्युलिसिफेसिस वाढतो. हे प्रकरण जास्त अवघड. ही एक जात नाही, पाच आहेत : ए, बी, सी, डी, ई. भिंगाखाली धरूनही फरक कळत नाही. गुणसूत्रांवरचे पट्टे नाहीतर डीएनए तपासावा लागतो. भारतात 'बी' हिवताप पसरवण्यात अगदीच कच्ची, बाकीच्या चार पसरवतात. त्यामुळे गोठ्यात ढीगभर डास सापडले म्हणजे गावात हिवतापाचा धोकाही तेवढाच, असं होत नाही.

फवारणीचंही तसंच. मज्जातंतूशी संबंधित एका जनुकात एकच अक्षर बदललं तरी डीडीटी आणि पायरेथ्रॉइड दोन्हींचा असर उतरतो, आणि वाचलेल्या डासांची पुढची पिढी तो बदल घेऊनच जन्मते. तपासणीसाठी डास औषधाच्या कागदाजवळ तासभर ठेवतात, २४ तासांनी मेलेले मोजतात. ९० टक्क्यांपेक्षा कमी मेले, तर त्या औषधाला डास दाद देत नाहीत असं धरतात.