लाख, मणी आणि आपला इतिहास

सहावीच्या वर्गात मी इतिहास शिकवते. हडप्पा संस्कृतीचा धडा आला की मोहेंजोदडोच्या नर्तिकेचे चित्र मुलींना दाखवते. 1926 मध्ये सापडलेली ही कांस्यमूर्ती जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंच आहे. पण तिचा डावा हात पार खांद्यापर्यंत बांगड्यांनी भरलेला आहे. एकदा एका मुलीने विचारले, "टीचर, इसकी चूड़ियां किसने बनाई?" मी नगररचना, सांडपाण्याच्या गटारी, स्नानगृह यांची तयारी करून गेले होते. या प्रश्नाचे उत्तर माझ्या पाठ-टाचणात नव्हते.

घरी आल्यावर नानीची पेटी उघडली. तिच्या निकाहातला लाखेचा जोडा त्यात आहे. तो हैदराबादच्या लाड बाजारातून आलेला. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्याआधी आसफजाही राज्याची राजधानी आपले औरंगाबादच होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती हैदराबादला गेली. राजधानी गेली, पण नाती राहिली. आजही आपल्याकडची कितीतरी घरे लग्नाच्या खरेदीला काचीगुड्याची गाडी पकडतात.

1591 मध्ये मुहम्मद कुली कुतुबशाहने चारमिनार उभारला. त्याच्या पश्चिमेला जी वाट फुटते तोच लाड बाजार. लोक त्याला चूडी बाजारही म्हणतात. दुकानांच्या झगमगाटामागे अरुंद गल्ल्यांत शेगड्या पेटलेल्या असतात. खरा इतिहास तिथे आहे.

लाख ही कुणी खाणीतून काढत नाही. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक बारीक कीड राहते, तिच्या अंगातून पाझरणारा चिकट रस वाळून लाख होते. अथर्ववेदात तिचा उल्लेख आहे आणि महाभारतातले लाक्षागृह तर सर्वांना ठाऊक आहे. आपल्या आजोबांनी ऐकलेल्या ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्याही लाखेच्याच होत्या.

कारागीर लाखेत राळ आणि पांढऱ्या दगडाची भुकटी मिसळतो, निखाऱ्यावर ती मऊ करतो आणि कणकेसारखी मळतो. काठीच्या टोकाला चिकटवलेला हा गोळा लाकडी ठोकळ्याने लोखंडी पाटावर वळत वळत त्याची लांब वात करतात. रंगीत लाखेची कांडी गरम वातीवर घासली की रंगाचा पातळ थर चढतो. मग मापाने तुकडा कापून, दोन्ही टोके शेकून जोडायची आणि गोल लाकडी साच्यावर चढवून आकार नीट करायचा.

मापाचीही गंमत आहे. बांगडी 'दोन-चार', 'दोन-सहा' अशी मागतात. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि इंचाचे चार सोळांश, म्हणजे सव्वादोन. 1957 मध्ये दशमान नाणी आली आणि पुढे आणे गेले, पण सोळाचा हिशेब आपल्या मनगटावर अजून शिल्लक आहे.

यानंतरचे काम बहुतेक बायकांचे. बांगडी पुन्हा शेकायची आणि चिमट्याने एकेक मणी, नग, आरशाचा तुकडा तिच्यात दाबायचा. लाख थंड झाली तर मणी धरत नाही, जास्त तापली तर तो आत बुडतो. मधले काही क्षणच कामाचे. नानीची थोरली बहीण लग्न होऊन त्याच गल्लीत गेली होती. स्वयंपाक आटोपला की ती नग बसवायची. मी लहानपणी तिचा हात धरला तेव्हा बोटांची टोके लाकडासारखी कडक लागली होती. "अब जलता नहीं, बेटा," ती म्हणाली. मजुरी नगावर मिळे, भाजलेल्या बोटांवर नाही. दुकानाच्या वहीत तिच्या शोहरचे नाव होते, तिचे नव्हते.

हे काम करणाऱ्यांना आपण मणियार म्हणतो. मूळ शब्द 'मणिकार', म्हणजे मणी घडवणारा. महाराष्ट्रात हिंदू कासार आणि मुस्लिम मणियार, दोघांनीही गावोगाव बांगड्या भरल्या. गावातल्या लेकीसुनांनी परक्या पुरुषापुढे हात पुढे करावा आणि त्याने तो भाऊ म्हणून धरावा, हा केवढा भरवसा! दंगलीच्या तारखा आपण मुलांकडून पाठ करून घेतो. हा भरवसा किती शतके टिकला, हे मात्र कुणी प्रश्नपत्रिकेत विचारत नाही.

आणि दोष केवळ पाठ्यपुस्तकाचा नाही. इतिहास म्हटले की आपल्या समाजालाही कुतुबशाह, निजाम, त्यांचे हिरे आणि महाल आठवतात. ज्यांच्या हातांनी त्या शहराला रंग आला, त्यांचा धंदा सांगायला आपणच लाजतो. लग्न जुळवताना 'मणियार का घर है' हे वाक्य कोणत्या सुरात म्हटले जाते, ते वाचकांना ठाऊक आहे.

2024 मध्ये हैदराबादच्या लाखेच्या बांगड्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. आनंद झाला. पण मानांकन शहराच्या नावाला मिळते. त्या नावामागच्या बायकांना रास्त मजुरी मिळावी आणि त्यांच्या मुलींना शेगडीऐवजी शाळा मिळावी, ही कामे अजून बाकी आहेत.

दुसऱ्या दिवशी नानीची बांगडी वर्गात नेली. ती हातोहात फिरली. मी फळ्यावर लिहिले, 'कारीगर'. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी कधीच बोलत नाही, हळूच उभी राहिली. "टीचर, मेरी अम्मी भी नग बिठाती है."

त्या दिवशी धडा मी तिलाच शिकवायला लावला.