घरघर, मीठ आणि कबुतर

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांमध्ये एक जुना विनोद आहे : या धंद्यात खरी अवघड कामं दोनच, आणि त्यातलं एक म्हणजे नाव देणं. एका नावापायी डॉक्टरमंडळी शंभराहून जास्त वर्षं गोंधळात राहिली, हे मला स्टेथोस्कोपचा इतिहास वाचताना कळलं. म्हटलं, या वीकेंडला तेच लिहावं.

१८१६ साल, पॅरिसचं नेकर हॉस्पिटल. रेने लेनेक या डॉक्टरसमोर हृदयविकाराची लक्षणं असलेली एक तरुणी होती. अंगाने स्थूल, त्यामुळे छातीवर बोटं वाजवून काही कळेना. (ही युक्ती व्हिएन्नाच्या आउएनब्रुगरने १७६१ मध्ये मांडली होती.) छातीला कान लावावा, तर बाई तरुण! लेनेकला आठवलं, लाकडाच्या लांब तुळईच्या एका टोकाला टाचणीने खरवडलं की दुसऱ्या टोकाला कान लावून स्पष्ट ऐकू येतं. त्याने कागदांची घट्ट सुरळी केली आणि ऐकलं. झाला स्टेथोस्कोप.

पुढची तीन वर्षं तो नुसता ऐकत होता. जे रोगी दगावले, त्यांच्या शवविच्छेदनात आवाज आणि आतली इजा यांची जोडी लावत होता. १८१९ मध्ये त्याचं पुस्तक आलं. श्वासातल्या विकृत आवाजांना त्याने 'राल' म्हटलं आणि ओळखायच्या खुणा रोजच्या जगातून घेतल्या : तापलेल्या भांड्यात मीठ तडतडावं तसा एक, कबुतर घुमावं तसा दुसरा, पाखरं चिवचिवावीत तसा तिसरा.

आता गोची बघा. साध्या फ्रेंचमध्ये 'राल' म्हणजे मरणापूर्वीची घरघर. आपण नाही का म्हणत, "घरघर लागली"? खाटेवरच्या रोग्याने ऐकलं तर तो धसकाच घेणार. म्हणून रोग्यासमोर लेनेक लॅटिन 'राँकस' वापरायचा. गोष्ट एकच, नावं दोन. १८२१ मध्ये जॉन फोर्ब्सचं इंग्रजी भाषांतर आलं आणि इंग्रजीत हे हळूहळू दोन वेगळे आवाज होऊन बसले! शेवटी १९५७ मध्ये 'लॅन्सेट'मधल्या एका लेखाने हा घोळ उघड केला आणि सरळ शब्द सुचवले : क्रॅकल आणि व्हीझ.

क्रॅकल म्हणजे तडतड. कानाजवळ केसांची बट बोटांत चोळून बघा, साधारण तसं. मिटलेल्या बारीक श्वासनळ्या श्वास घेताना फटकन उघडतात, त्याचा हा आवाज. न्यूमोनियात किंवा फुफ्फुसात पाणी साचल्यावर येतो. व्हीझ म्हणजे अरुंद नळीची शिट्टी, दम्यात येते ती. पण दम्याच्या तीव्र झटक्यात छाती एकदम शांत झाली, तर ते सगळ्यात वाईट. हवा आतबाहेर जातच नसते. एरर येत नाही म्हणजे सिस्टीम ठीक, असं नसतं राव.

असो. १८२६ मध्ये लेनेकचीच छाती मेरियादेक या त्याच्या घरातल्याच तरुण डॉक्टरने तपासली. क्षय. १३ ऑगस्टला लेनेक गेला, वय ४५. क्षयाचा जंतू सापडला १८८२ मध्ये, त्यावरचं पहिलं प्रभावी औषध १९४३ मध्ये. निदान मात्र अचूक होतं. आणि या रोग्यापुढे लॅटिन बोलून काही लपणार नव्हतं. ते शब्द त्यानेच निवडले होते.